मधल्या नावाचा रकाना

दुपारी जेवणानंतर आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात एक अशी वेळ येते की सगळंच थबकतं. डॉक्टर आत जेवत असतात. बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले असतात आणि ती सगळी माणसं डोळे मिटून, मान मागं टाकून बसलेली असतात. पंखा फिरत असतो. मी नोंदणीच्या खिडकीमागं बसते. दवाखान्याचा सगळा कॉम्प्युटर माझ्याकडं आहे, म्हणजे नोंदी, याद्या, शिबिरं आणि प्रिंटरची कुरकुरसुद्धा. अशा वेळी मला एक खोड आहे. शोधायच्या चौकटीत काहीही न लिहिता मी 'शोधा' दाबते.

आणि सगळे येतात. गेल्या कितीतरी वर्षांत या दारातून आत आलेलं प्रत्येक माणूस ओळीनं पडद्यावर सरकायला लागतं. हर्सूलचे, वाळूजचे, पैठणकडचे, कुणी नुसता चष्म्याचा नंबर काढून गेलेले, कुणी ऑपरेशन करून. शहराच्या रकान्यात औरंगाबाद आणि संभाजीनगर दोन्ही आहेत, एकाच घरातल्या दोघांचीसुद्धा वेगळी. मी बघत बसते. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या पट्ट्यात ही यादी मला एखाद्या बाजाराच्या दिवसासारखी वाटते, कुणी कुणाला ढकलत नाही असा बाजार.

यात जादू काही नाही. चौकटीत 'पाचोड' लिहिलं तर ज्यांच्या पत्त्यात पाचोड आहे तेवढे येतात. 'प' एवढंच लिहिलं तर पैठणवालेही येतात आणि आणखी ढीगभर. जितकं कमी लिहाल तितकी माणसं जास्त. काहीच लिहिलं नाही तर मशीन प्रत्येकाच्या नोंदीपुढं उभं राहून विचारतं, हिच्यात 'काहीच नाही' सापडतं का? तर सापडतं. कुठल्याही मजकुरात ते सापडतंच, कारण त्याला जागा लागत नाही. आमच्या धंद्यात याला रिकामी स्ट्रिंग म्हणतात. वाळूजच्या कारखान्यात नोकरीला होते तेव्हापासून मला हे ठाऊक होतं. ठाऊक असून मी जो घोळ घातला, तो सांगायला बसले आहे.

त्या दिवशी पाचोडला आमचं मोतीबिंदूचं शिबिर होतं. बाजाराचा दिवस मुद्दाम धरलेला, म्हणजे आसपासच्या वस्त्यांवरची माणसं तशीही आलेली असतात. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबलं लावली होती. एकावर मी लॅपटॉप घेऊन, दुसऱ्यावर आमची एक नर्स वही घेऊन. डॉक्टर आतल्या वर्गात तपासत होते. ज्यांना ऑपरेशन सांगितलं ते बाहेर येऊन नाव नोंदवायचे. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, वय, वस्ती. चार दिवसांनी आमची गाडी फाट्यावर येऊन यादीतल्यांना घेऊन जाणार होती.

अकराच्या सुमाराला एक मावशी आल्या. साठीच्या पुढच्या, बारीक अंगाच्या. डॉक्टरांनी लिहिलं होतं, दोन्ही डोळे पिकलेले, उजवा आधी. त्यांनी खुर्ची चाचपली आणि तिच्या टोकावर बसल्या. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"मालकांचं नाव?" मी विचारलं.

मावशींनी पदराचं टोक तोंडावर धरलं आणि हसल्या. "त्ये कसं घ्यावं, बाई?"

मला घाई होती आणि घाई असली की माझी जीभ तिखट होते. "अहो मावशी, दवाखान्याचा कागद आहे. आधार कार्ड आणलंय का?"

"घरी पेटीत हाय."

मी मागं उभ्या असलेल्या बायांकडं बघितलं. "तुमच्यापैकी सांगा की कुणीतरी." चौघीजणी होत्या. चौघीही एकमेकींकडं बघून खुसखुसायला लागल्या. मग कळलं, चौघीही भावकीतल्या सुना. त्यांना ते चुलतसासरे किंवा थोरले दीर. त्यांनी तर नावाकडं वाकडी वाटही करायची नाही. एवढ्या भरल्या बाजारात एका माणसाचं नाव उच्चारू शकेल असं कुणी माझ्या टेबलाजवळ नव्हतं. मलाही हसू आलं.

"आणि ते स्वतः कुठं आहेत?"

मावशींचं हसू उतरलं. "खाटंवर हायेत. दम लागायलाय त्यास्नी दिवाळीपासून. पोरगं वाळूजला, कंपनीत. मी वासानं वळखते, आवाजानं वळखते, पर तोंड दिसत नाय मला त्यांचं, दोन वर्सं झाली. निसतं धुकट." त्या थोडं पुढं झुकल्या. "तेवढं एकडाव नीट पाहू द्या मला, बाई. लई उशीर नगा लावू."

"नाही लावत," मी म्हणाले. कर्सर मधल्या नावाच्या रकान्यात लुकलुकत होता. "राहू दे, मग भरू." आणि टॅब दाबून पुढं गेले.

आता हे थोडं समजावून सांगायला हवं. रिकामं दोन तऱ्हेचं असतं. एक, जिथं कुणी बोटच लावलं नाही. त्याबद्दल मशीन म्हणतं, मला माहीत नाही, आणि ते कशाशीच जुळवायला नकार देतं. दुसरं, जिथं कर्सर गेला, थांबला आणि काही न लिहिता निघाला. माझ्या त्या फॉर्ममध्ये अशा जागी मशीन लिहून ठेवायचं, माहीत आहे, काही नाही. पडद्यावर दोन्ही जागा सारख्याच कोऱ्या दिसतात. मावशींचा रकाना दुसऱ्या तऱ्हेचा झाला.

जेवणानंतर दुसऱ्या एक बाई आल्या. त्याच वस्तीवरच्या, त्याच भावकीतल्या. नाव तेच, आडनाव तेच, वयात दोनेक वर्षांचा फरक. आमच्याकडं अशा जोड्या खूप. मी मधल्या नावाला थांबले, तर बाईंनी विचारायच्या आतच नवऱ्याचं नाव खणखणीत सांगून टाकलं, पुढं 'राव' लावून.

मी वर पाहिलं. कपाळ कोरं होतं.

"आता घ्यायला काय," बाई म्हणाल्या. "नाव घेतलं तर आयुष्य कमी व्हतंय मनत्यात. त्यांचं संपलं की."

माझी आईही अशीच. वडिलांना जन्मभर 'अहो' आणि 'ऐकलं का' यांवर भागवलं. ते गेल्यावर आम्ही दाखला काढायला कचेरीत गेलो, तिथं खिडकीतल्या माणसानं विचारलं आणि आईनं पूर्ण नाव सांगितलं, एकाही अक्षराला न अडखळता. इतकी वर्षं तिच्या तोंडात ते नाव होतं आणि मला वाटायचं तिला ते येतच नाही. मी तिच्या शेजारी उभी होते. मला तिच्या आवाजाचा राग आला होता, इतका तो नीट होता.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही टेबलांच्या नोंदी एकत्र करायच्या होत्या. एकच माणूस दोन्हीकडं नाव लावून जातो, कुठंतरी लागेल नंबर म्हणून. शिवाय एकीकडं नुसतं नाव असतं, दुसरीकडं कुणी मानानं त्याच नावापुढं राव लावलेलं असतं. अशा जोड्या हातानं शोधायचा मला कंटाळा. म्हणून मी एक नियम लिहिला. नाव एक, आडनाव एक, वस्ती एक, वयात पाच वर्षांच्या आत, आणि एकीचं मधलं नाव दुसरीच्या मधल्या नावात सापडत असेल, तर ती एकच बाई. मग जी नोंद जास्त भरलेली ती ठेवायची, दुसरी काढून टाकायची. नियम चालवला. चहा पिऊन येईपर्यंत यादी स्वच्छ. मी स्वतःवर खूश होते, हेही सांगितलं पाहिजे.

गाडी गेली आणि दुपारी परत आली. आमचे ड्रायव्हरभाई चाव्या टांगायला माझ्या खिडकीशी आले. त्यांना बोलायचं असतं तेव्हा ते चाव्या जरा जास्त वेळ खुळखुळवतात.

"मॅडम, वो पाचोड के फाटे पे एक अम्मा बैठी थी. पिशवी घेऊन. डोक्यावरनं पाणी घेतलेलं, केस ओले. बोली मेरा नाम देखो. मैं दो बार देखा, लिस्ट में एकच नाम था, वो दूसरी बाई बैठ गई थी गाडी में. मी काय करू सांगा? सीट बी नव्हती."

"मग?"

"मग काय. बोली, बेटा जा, मेरी बारी नहीं होगी. गाडी हलली तरी हात जोडून बसली होती, गलत तरफ. उसको कहाँ दिखता है." त्यांनी चाव्या खिळ्याला लावल्या. "मेरे को अच्छा नहीं लगा, मॅडम."

ऑपरेशननंतर पंधरा दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, म्हणून आम्हीच सांगतो की निघायच्या सकाळी न्हाऊन या. मावशींनी ऐकलं होतं.

मी चौकटीत त्यांचं नाव लिहिलं. एकच नोंद आली, राव लावलेली. मग मी नियम चालवायच्या आधीची जुनी प्रत उघडली. तिथं दोघी होत्या, एकीखाली एक, आणि माझ्या मावशींचा मधला रकाना कोरा. मला वाचायचीही गरज पडली नाही. 'काहीच नाही' हे त्या दुसरीच्या नवऱ्याच्या नावात सापडतं का, असं मशीननं विचारलं होतं. सापडलं होतं. आणि माझ्या नियमानं एका जित्या माणसाची बायको उचलून एका मेलेल्या माणसाच्या पदरात घातली होती.

मशीननं काहीही चूक केली नव्हती, यानं तर जास्तच लाज वाटली.

नोंद परत घातली. फोन नंबर मुलाचा होता. तो शिफ्टवर, उचलेना. संध्याकाळी उचलला तेव्हा मागं कंपनीच्या बसचा आवाज होता. मी चूक माझी म्हणून सांगितली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "आई मनली, नशिबात नव्हतं," तो म्हणाला. "आता जमणार बी नाय, मॅडम. बापाला आज दुपारीच सरकारी दवाखान्यात आणलंय. ऑक्सिजनवर हाय. आई तिथंच बसलीय, उशाशी."

म्हणजे मावशी याच शहरात होत्या, माझ्यापासून पाचसहा किलोमीटरवर, त्या धुकट तोंडाच्या उशाशी.

मी डॉक्टरांच्या मागं लागले. भांडलेसुद्धा. त्यांनी पुढच्या तुकडीत पहिलं नाव घातलं, पण पुढची तुकडी तीन आठवड्यांनी होती, आणि पेशंटला सोडून मावशी मध्ये यायला तयारही नव्हत्या. आमचे व्यवस्थापक म्हणाले, मधलं नाव रिकामं ठेवताच येणार नाही असं करून टाका. मी सांगितलं, कारखान्यात आम्ही तसं केलं होतं, तर लोकांनी तिथं टिंब दिलं, आडवी रेघ दिली, एकानं 'कखग' लिहिलं. माणसाला सांगायचं नसेल तर ते सांगत नाही. मी नियम बदलला. दोन्ही मधली नावं भरलेली असतील तरच ती ताडून बघायची, नाहीतर मशीननं गप्प बसायचं आणि मला विचारायचं. ओळभराचं काम होतं. ती ओळ आधी लिहिली असती तर, हा विचार मी त्या दिवसांत किती वेळा केला, ते मोजलं नाही.

ते तीन आठवडे मला विचित्र गेले. संध्याकाळी हर्सूल तलावाच्या बाजूनं चालायला जायचे. पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं व्हायचं, पलीकडचा काठ पुसट व्हायचा, आणि मी चष्मा काढून बघायचे की दोन वर्षं असं बघायचं म्हणजे कसं. झाडं वितळायची. माझ्या शेजारून जाणाऱ्या माणसांना तोंड नसायचं. मग मनात यायचं, तो माणूस आज आहे का? मुलाला फोन लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. नंबर पुढ्यात होता. मी नाही लावला. माझ्यात धीर नव्हता, दुसरं कारण नाही.

ऑपरेशनच्या दिवशी मावशी आल्या, ते यादीवरच्या खुणेवरून मला कळलं. मी वरच्या मजल्यावर प्रिंटर दुरुस्त करत बसले. प्रिंटरला काही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, त्या घरी गेल्या. नोंदीत डॉक्टरांनी लिहिलं होतं, नजर उत्तम. दुपारी मी ती नोंद उघडून बसायचे. नाव, मग कोरी जागा, मग आडनाव. त्या कोऱ्या जागेकडं बघून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

महिन्यानं पाचोडला तपासणी होती. तोच शाळेचा व्हरांडा, तीच दोन टेबलं. या वेळी काढता पाय घेणं जमणार नव्हतं. बाराच्या सुमाराला समोरची खुर्ची सरकली, चाचपल्याशिवाय. मी पडद्यावरून नजर काढली नाही. आवाज ओळखला.

"रामराम, बाई."

"रामराम, मावशी." मी नोंद उघडली. कपाळाकडं बघून काही कळलं नसतं, डोळ्याला पाण्याचा हात लागू नये म्हणून कितीतरी बाया ऑपरेशननंतर कुंकूच लावत नाहीत. गळ्याकडं बघायचं मी टाळलं. वेळ काढायला मी वय विचारलं, वस्ती विचारली, थेंब घालता का विचारलं. मग विचारण्यासारखं एवढंच उरलं. कर्सर त्या रकान्यात जाऊन लुकलुकायला लागला.

त्या जर आता सरळ नाव सांगतील, माझ्या आईसारखं, खणखणीत, तर मी काय करणार होते? लिहिणार होते. टाइप करणार होते ती अक्षरं एकेक करून.

"मालकांचं नाव?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

पलीकडच्या टेबलावर नर्स कुणाला तरी सांगत होती की चष्मा जेवताना काढायचा नाही. मी मान वर केली.

काळ्या चष्म्यामागं मावशींनी पदराचं टोक तोंडावर धरलं होतं.

"तुमी बी काय, बाई," त्या पदराआडून म्हणाल्या. "मागल्या बारीला सोडलं व्हतं न्हवं? आता बी ऱ्हाऊ द्या की रिकामं."

मला हसू यायला पाहिजे होतं, पण डोळ्यांत पाणीच आलं, तेही डोळ्यांच्या शिबिरात, सगळ्यांसमोर. मावशींनी चष्मा जरा खाली ओढून माझ्याकडं निरखून पाहिलं.

"घरी आलेत का?" मी कसंबसं विचारलं.

"आलेत की. दारात खाट टाकून बसत्यात. खोकत्यात, पर बसत्यात."

"मग पाहिलंत?"

"पाह्यलं." पदर तोंडावरून खाली आला. "लई म्हातारे झालेत हो, बाई. मला कुणी सांगितलंच नव्हतं."

एवढं बोलून त्या उठल्या आणि डॉक्टरांच्या वर्गाकडं चालत गेल्या, मधे पडलेल्या चपला नीट चुकवत. मी टॅब दाबून त्या रकान्यावरून पुढं गेले आणि नोंद सेव्ह केली.